पान उघडत नाही

जेवण झाल्यावर सुधीर आठल्ये मुलीच्या, वैदेहीच्या खोलीत गेला, तिच्या टेबलाशी बसला आणि कॉम्प्युटरवर रोजचा पत्ता टाइप केला, तेव्हा पान उघडलं नाही. वरच्या कोपऱ्यातलं छोटं वर्तुळ फिरत राहिलं. त्याला आधी वाटलं, आपण एखादं अक्षर चुकलो. चष्मा पुसून त्याने पत्ता पुन्हा टाइप केला. वर्तुळ फिरलं, दमल्यासारखं थांबलं आणि पांढऱ्या पानावर करड्या अक्षरांत तीच ओळ आली, की ही साइट उघडता येत नाही. अक्षरं फार सभ्य होती. आयसीयूच्या बाहेर येऊन, मास्क हनुवटीवर ओढून बोलणाऱ्या डॉक्टरच्या आवाजासारखी. त्या आवाजातही कुठे दोष सापडला नव्हता, आणि तो ऐकून सुधीर 'थँक यू' म्हणाला होता. त्या थँक यूचं काय करायचं हे त्याला अजून कळलेलं नव्हतं.

साइट वैदेहीची होती. म्हणजे तिची आणि तिच्या मैत्रिणीची, प्राचीची. नोकरीतून सुट्टी मिळेल तेव्हा वैदेही खांद्याला रेकॉर्डर लावून खाडीकाठच्या गावांमधून फिरायची. करावे, दिवाळे, कधी उरणकडे मोऱ्याच्या धक्क्यापर्यंत. तिथले आवाज टिपून आणायची. जाळं झटकण्याचा, होडीच्या फळीवर पाणी आपटण्याचा, खाडीतून रोहित पक्षी एकदम उठतात त्याचा. आणि बायकांचं बोलणं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला ती स्वतः दोन वाक्यं बोलायची, "मी वैदेही. आत्ता मी अमुक ठिकाणी उभी आहे." उभी आहे. ती गेल्यावर प्राचीने साइट बंद होऊ दिली नाही. आणि आज सकाळी प्राचीचा निरोप आला होता, की काका, वैदूच्या जुन्या मेमरी कार्डवर एक राहून गेलेलं सापडलं, साइटवर टाकलंय, मी सुरुवातच ऐकली, पुढे ऐकवेना, तुम्ही ऐका.

सकाळपासून तो निरोप त्याच्या अंगात एखादा ताप भरावा तसा भरत गेला होता. त्याने आंघोळ केली, भाजी आणली, सोसायटीच्या नोटिस बोर्डावरची पाण्याच्या टाकीची सूचना शेवटपर्यंत वाचली. ऐकायची घाई होती आणि नव्हती. जुनी सगळी त्याला पाठ होती. तिला कुठे खोकला येतो, कुठे तिची चप्पल चिखलातून सुटताना आवाज करते, कुठे ती हसू दाबते. पाठ असलेल्या माणसात नवीन काही घडत नाही. आता काहीतरी नवीन होतं. कधीच न ऐकलेलं एखादं वाक्य, एखादा श्वास. ते ऐकून झालं की मग ऐकायचं काही उरणार नव्हतं, हेही त्याला कळत होतं.

हे ऐकणं त्याच्या बायकोला, स्मिताला माहीत नव्हतं. निवृत्त झाल्यापासून दुपार त्याची होती. ती पॉलिटेक्निकला शिकवायला गेली, की वैदेहीच्या खोलीची खिडकी लावायची, पंखा बंद करायचा आणि आवाज मोठा करून बसायचं. संध्याकाळी ती यायच्या आधी खुर्ची जागच्या जागी. चोरून दारू पिणाऱ्या माणसासारखा तो स्वतःला वाटायचा. पण स्मितासमोर लावणं शक्य नव्हतं. वैदेहीचे कपडे तिने पहिल्याच महिन्यात बांधून देऊन टाकले होते, न रडता, घड्या घालून. बूट तेवढे तिने स्वतः खाली नेऊन कचऱ्यात टाकले. खाडीच्या चिखलातले बूट. वैदेही ज्या तापाने गेली तो अशाच पाण्या-चिखलातून येतो, असं डॉक्टरांनी म्हटलं होतं. त्यानंतर स्मिताने खाडी हा शब्द घरात काढला नाही, आणि सुधीरनेही. ती आपलं दार लावून बसलीय आणि आपण आपलं, असं त्याने धरून ठेवलं होतं. एका घरात दोन बंद दारं असू शकतात. माणसं जेवतात, लाइटचं बिल भरतात, दूध नासलं तर हळहळतात.

म्हणून आता, पान उघडत नसताना, त्याच्यासमोर एक विचित्र अडचण उभी राहिली. घरातलं इंटरनेट ही सगळी स्मिताची बाब होती. ती तेच शिकवायची, इतकी वर्षं, मुलांना फळ्यावर चौकोन काढून आणि त्यांना रेघांनी जोडून. तिला फोन केला असता तर तिने दोन मिनिटांत सांगितलं असतं. आणि नेमकं तिलाच विचारता येत नव्हतं.

सुधीरची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. लाइनमन म्हणून लागला आणि पुढे फॉल्ट शोधण्याच्या कामावर मुरला. बंद पडलेल्या टेलिफोनच्या मागे खांबाखांबाने जायचं, पेट्या उघडायच्या, मुंग्यांनी भरलेल्या, कधी पालीने अंडी घातलेल्या. या कामात घाबरायचं नसतं. लाइन मधोमध धरायची आणि बघायचं, दोष अलीकडे आहे की पलीकडे. मग उरलेल्या अर्ध्याची पुन्हा दोन अर्धुकं. सगळी मुंबई त्याला तेव्हा अशी दिसायची, अलीकडची आणि पलीकडची. त्याने फायलींमागे हात घालून राउटरचं बटण बंद केलं, थोडं थांबून पुन्हा लावलं. हिरवे ठिपके एकेक करून जागे झाले. त्याने बातम्यांचं पान लावून बघितलं, लगेच उघडलं. हवामानाचं पान उघडलं, उद्या दमट. म्हणजे लाइन होती. वैदेहीचा पत्ता टाकला, की वर्तुळ. मोबाइलवर बघितलं, तिथेही वर्तुळ. जग सगळं येत होतं, तेवढी एक वगळून.

त्याने प्राचीला फोन लावला. ती पुण्याला असते, फोनमागे कुठल्यातरी ऑफिसचा आवाज होता.

"उघडत नाहीये गं," तो म्हणाला. "तू साइट बंदबिंद केलीस का?"

"नाही काका. थांबा, बघते." कीबोर्ड वाजला. "माझ्याकडे तर उघडतेय. एकदम नीट. तुम्ही ऐकलं नाहीत अजून?"

"उघडलं तर ऐकेन ना."

"मग तुमच्या बाजूला काहीतरी आहे. बाकी साइट्स चालतायत?"

"सगळ्या."

"काकूंना विचारा ना. त्यांना लगेच कळेल."

"ती कॉलेजात आहे."

"मग संध्याकाळी विचारा."

"हो, विचारतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. पलीकडे दोष नाही. अर्धं जग कमी झालं. त्याला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटतंय हे लक्षात येऊन विचित्रही वाटलं. पूर्वी असंच व्हायचं. दोष शोधत असेपर्यंत माणूस कुठल्यातरी चांगल्या जागी असतो. त्या वेळात कोणी मेलेलं नसतं.

समोरच्या घरात राजेश्वरी जाधव राहायची. तिचा नवरा मानसिंग तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी टोळीचा मुकादम, मूळची माणसं साताऱ्याकडची, बारा महिने दार उघडं. त्यांच्याकडे कनेक्शन त्याच कंपनीचं होतं. मोबाइल हातात धरून सुधीर दारात उभा राहिला आणि तुमचं वायफाय जरा लावून बघू का म्हणाला.

"बघा की भावजी. त्यात काय इचारायचं?" तिने पासवर्ड सांगितला. ती गहू निवडत बसली होती. पान तिच्याकडे तात्काळ उघडलं. वैदेहीचा फोटो, वाऱ्याने केस तोंडावर आलेले. सुधीरने मोबाइल उलटा करून छातीशी धरला. कंपनीत दोष नाही. जिन्यापासून आत, त्याच्याच घरात.

तो निघाला तेव्हा राजेश्वरी सुपातून मान वर न करता म्हणाली, "वहिनी बऱ्या हायत ना?"

"का हो?"

"न्हाई, परवा दिशी दुपारच्याला दारात हुब्या होत्या तुमच्या. मी म्हटलं चावी इसरल्या का काय, या की आत. तर न्हाई म्हणाल्या. जरा येळानं बघितलं तर खाली निघून गेल्या व्हत्या. मला वाटलं तुमी घरात न्हाईसा."

"मी होतो घरात," सुधीर म्हणाला.

सुपातले खडे तिने चिमटीने उचलून बाजूला ठेवले.

घरात परत जावंसं वाटेना म्हणून तो जिना उतरून खाली आला. फाटकापाशी वायफायची रेंज सुटली आणि मोबाइल आपल्या स्वतःच्या डेटावर गेला. त्याने पत्ता टाकला. पान पुन्हा उघडलं, काहीच झालं नसल्यासारखं. सगळ्यात वर ते नवीन होतं. 'करावे, संध्याकाळ'. खाली एक त्रिकोण, दाबला की सुरू. त्याचा अंगठा त्या त्रिकोणावर आला आणि तिथेच राहिला. समोरून एक रिक्षा वळली, वॉचमनने कोणाला तरी गाडी मागे घ्यायला सांगितलं, इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास आला. इथे नाही, त्याने स्वतःला सांगितलं. रस्त्यात नाही. आणि मग त्याला कळलं की हे कारण नव्हे. तो घाबरला होता. बटण दाबण्याचं कारण हातात आल्याबरोबर आपण न दाबण्याचं कारण शोधलं, हे त्याने स्वतःच्याच खांद्यावरून वाकून बघावं तसं बघितलं.

तो चालत राहिला, नेरूळच्या सेक्टरांमधून खाडीच्या दिशेने. सगळ्या इमारती एकाच माणसाने एकाच दुपारी काढल्यासारख्या होत्या. ते राहायला आले तेव्हा या भागात संध्याकाळी कोल्हे ऐकू यायचे, आणि लहानगी वैदेही गॅलरीत उभी राहून त्यांना उत्तर द्यायची. तेव्हाच लागलं असेल तिला हे आवाजांचं वेड. पाम बीच रोड ओलांडताना, ती त्याला एकदा सोबत घेऊन आली होती ते आठवलं. गुलाबी पक्ष्यांनी खाडी भरली होती, काठावर मोठमोठे कॅमेरे लावून माणसं उभी होती, आणि ती मात्र डोळे मिटून बसली होती. "बाबा, बघू नका, ऐका," ती म्हणाली होती. त्याने डोळे मिटले तर त्याला फक्त रस्त्यावरच्या गाड्या ऐकू आल्या. तसं त्याने तिला सांगितलं नाही. खूप छान, असं म्हणाला. ती खूश झाली. मग दवाखान्यात, शेवटी शेवटी, तिच्या नाकातोंडात नळ्या होत्या आणि यंत्राचा आवाज अखंड चालला होता, तेव्हा तिचे डोळे मिटलेले बघून त्याला वाटलं की ती हे ऐकतेय. टिपून घेतेय. घरी आल्यावर नाव देईल. आज खाडीला ओहोटी होती. ओल्या करड्या चिखलावर दुपारचं ऊन पडलं होतं आणि चिखलाला लाखो बारीक भोकं होती, खेकड्यांची. त्या चिखलाकडे बघताना त्याला राग आला नाही. राग यायला पाहिजे होता. चिखल आपला चमकत होता.

दारात हुब्या होत्या. चालता चालता ते वाक्य परत परत वर येत होतं. परवा दुपारी तो खोलीत बसून मोऱ्याच्या धक्क्यावरचं ऐकत होता, ते लांबलचक, ज्यात लाँच सुटते आणि वैदेही खलाशाशी वाद घालते. तेव्हा दाराबाहेर, लाकडाच्या त्या फळीपलीकडे, स्मिता उभी होती. तिच्याकडे चावी असते. ती कधी विसरत नाही.

तो घरी परतला, राउटर हातात घेतला आणि उलटा करून बघितला. खालच्या चिकटपट्टीवर त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरण्याचं नाव आणि पासवर्ड छापलेला होता. कॉम्प्युटरवर ते पान उघडून त्याने छापल्याप्रमाणे टाकलं. चुकीचा पासवर्ड. पुन्हा टाकलं, अक्षरावर बोट ठेवून. चुकीचा. म्हणजे कोणीतरी बदलला होता. तो खुर्चीत मागे टेकला. खोलीत पंखा बंद होता आणि घामाचा एक थेंब कानामागून मानेत उतरला. दोष नव्हताच. त्याला चेंबूरचं एक घर आठवलं, फार जुनं. घरातले म्हातारे गृहस्थ सारखी तक्रार करायचे, की बेळगावला मुलीकडे फोन लागत नाही, गावातल्या गावात लागतो. खांबापासून त्यांच्या दिवाणखान्यापर्यंत सुधीरने तार न् तार तपासली. शेवटी एक्स्चेंजमध्ये विचारल्यावर कळलं की त्या नंबराचे बाहेरगावचे फोन बंद करून घेतलेले आहेत, घरातूनच अर्ज आला होता. त्याने रिसीव्हर खाली ठेवला तेव्हा त्या गृहस्थांची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि ती त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होती त्यात ना लाज होती ना भीती. सांगू नका, एवढंच होतं. मोठी तार बदलावी लागेल, असं काहीतरी खोटं सांगून तो जिना उतरला होता. त्या घरात काय होतं ते त्याला कधी कळलं नाही. बेळगावची ती मुलगी जिवंत होती का, हा प्रश्न त्याला आज पहिल्यांदा पडला.

किल्ली फिरली तेव्हा तो तिथेच बसलेला होता. खुर्ची त्याने जागेवर ठेवली नव्हती. स्मिता आत आली, चप्पल काढली, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली. मग वैदेहीच्या खोलीचं दार उघडं दिसलं म्हणून ती तिथपर्यंत आली आणि उंबऱ्यात थांबली. तिच्या खांद्याला अजून पर्स होती. टेबलावर उलटा पडलेला राउटर तिने बघितला.

"चहा टाकू?" तिने विचारलं.

"स्मिता, तू बंद केलंस का?"

सुधीरला वाटलं ती काय बंद केलं म्हणून विचारेल, आणि मग दोघांनाही त्या विचारण्याच्या आड जाता येईल. पण तिने तसं विचारलं नाही.

"काल," ती म्हणाली. "तुम्ही खाली मीटिंगला गेलात तेव्हा."

"तुला माहीत होतं? मी ऐकतो ते?"

"बाहेर ऐकू येतं." ती आत येऊन पलंगाच्या कडेवर बसली. त्या पलंगावर ती कितीतरी दिवसांत बसली नव्हती. "तुम्ही खिडक्या लावता. दाराला फट आहे."

"मग सांगायचं होतंस मला. नका लावू म्हणून."

"नका लावू असं नव्हतं माझं."

"मग?"

तिने पर्स मांडीवर घेतली आणि तिच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. ती बोलायला लागली तेव्हा वर्गात एखादी पायरी समजावून सांगावी तशी सावकाश, सलग बोलली. "मागे एकदा माझं लेक्चर रद्द झालं, म्हणून लवकर आले. चावी काढली आणि आतून ती बोलताना ऐकू आली. मला कळत होतं हो की हे रेकॉर्डिंग आहे. मी काही वेडी नाही. पण ते कळायच्या आधी थोडा वेळ जातो ना. तेवढ्या वेळात माझा हात दारावर गेला, आणि ती घरात होती. कुणाशी तरी बोलत होती. नेहमीसारखी, मोठ्याने. आणि मग मला वाटलं, मी दार उघडलं तर नसणार. उघडलं नाही तर आहे. म्हणून मी उघडलं नाही. बंद होईपर्यंत तिथेच उभी राहिले आणि मग खाली जाऊन बाकावर बसले, माझ्या नेहमीच्या वेळेपर्यंत."

सुधीरने काहीतरी म्हणण्यासाठी तोंड उघडलं, पण तिने मान हलवली.

"मग मी मुद्दाम यायला लागले. दुपारचे तास दुसऱ्यांना दिले, डोकं दुखतं म्हणून सांगितलं. रिक्षात बसले की छातीत धडधडायला लागायचं. कोणाला भेटायला निघाल्यासारखं. वेणी नीट करायचे मी, सुधीर." ती त्याला नावाने कधी हाक मारत नसे. "जिना चढताना सावकाश चढायचे, तिला चाहूल लागू नये म्हणून. परवा समोरच्या वहिनींनी बघितलं. त्यांनी आत या म्हटलं, आणि मला त्यांचा इतका राग आला, की आता या बोलणार आणि मला ऐकू येणार नाही. त्या बिचाऱ्या मायेनेच बोलवत होत्या. तेव्हा मी घाबरले. म्हटलं हे काहीतरी वेगळंच चाललंय. मी आत येत नाहीये. माझ्या घरात मी आत येत नाहीये."

खाली कुणीतरी कॅरमच्या सोंगट्या बोर्डावर ओतल्या. सुधीर तिच्याकडे बघत होता. इतके महिने तो या खोलीत बसून समजत होता की हे दुःख आपल्या एकट्याच्या मालकीचं आहे. ते त्याने दारं-खिडक्या लावून सांभाळलं होतं. आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला, लाकडाच्या एका बोटभर जाडीपलीकडे, ही वेणी नीट करून उभी होती. दोघं एकाच वेळी तिचंच ऐकत होते. मध्ये फक्त ते दार.

"कपडे दिलेस तेव्हा मला वाटलं," तो म्हणाला, "तू संपवलंस सगळं."

"कपड्यांना तिचा वास होता. तो उडून जाणार होता. उडताना मला बघायचं नव्हतं."

त्याने सकाळचा प्राचीचा निरोप तिला वाचून दाखवला. स्मिताने तो मोबाइल हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचला. तिची बोटं स्थिर होती, फक्त वाचून झाल्यावरही ती पडदा वर सरकवत राहिली, खाली अजून काही असेल म्हणून.

"तुम्ही ऐकलंत?"

"नाही. बाहेर उघडत होतं. नाही ऐकलं."

"का?"

"धीर झाला नाही," सुधीर म्हणाला. बऱ्याच दिवसांत तो तिच्याशी इतकं खरं बोलला नव्हता.

ती उठली. त्याला तिने खुर्चीतून उठायला लावलं, स्वतः बसली, पर्समधून चष्मा काढला. राउटर सरळ करून ठेवला. सवयीच्या हातांनी तिने तो पासवर्ड टाकला, चार-दोन पानं उघडली, एका ठिकाणची खूण काढली. इतकंच होतं. हिरवे ठिपके विझून पुन्हा लागले. मग ती तशीच बसून राहिली.

"एक करा," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "यापुढे लावायचं असेल तर मला सांगून लावा. मी घरात असताना. आणि बाहेरचं दार उघडं ठेवा. मला कळू दे की हे काय आहे."

"बरं," सुधीर म्हणाला. तो जाऊन बाहेरचं दार उघडून आला. जिन्यात समोरच्या घरातला फोडणीचा वास होता. येताना त्याने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि तिच्याशेजारी ठेवून बसला. पत्ता तिने टाइप केला. तिला तो पाठ होता. वर्तुळ जेमतेम दिसलं न दिसलं आणि वैदेहीचा फोटो आला.

"लावतोय गं," तो म्हणाला.

"हं."

आधी वारा आला, माइकवर घासणारा. कावळे. कुठेतरी लाकडावर हातोडी, होडी दुरुस्त करत असतील. मग एकदम जवळून, टेबलापाशीच, "मी वैदेही. आत्ता मी करावे गावात, खाडीच्या काठावर बसलेय. सूर्य मावळतोय. माझ्याबरोबर बारकूबाई आहेत." त्यांचा म्हातारा, खरखरीत आवाज म्हणाला, "बोल ना तूच. मी काय सांगू? पूर्वी पानी भरला का मासली यायची. आता पानी येतं, मासली नाय." वैदेही काहीतरी विचारू लागली आणि तिचा मोबाइल वाजला. स्मिताचा हात टेबलावर होता, त्याची बोटं आखडली. "थांब हं मावशी, आईचा आहे," वैदेही म्हणाली. रेकॉर्डर बंद करायचं ती विसरली होती. चपला चिखलातून चार पावलं गेल्या आणि थांबल्या.

"हॅलो. हां, बोल."

कावळे. पाणी.

"खाल्लं गं. इथेच. तांदळाची भाकरी दिली मावशीने."

पुन्हा ती मोकळी जागा, जिच्यात दुसऱ्या टोकाचा आवाज आलेला नव्हता. सुधीरने स्मिताकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते. त्या दिवशी ती काय बोलली होती ते तिला आठवत असणं शक्य नव्हतं, असे फोन रोजच होत. तरी ती हळूच, पण ऐकू येईल असं म्हणाली, "चिखलात उतरली नाहीस ना?"

"थोडीशीच," वैदेही म्हणाली. आवाजात हसू होतं. "बूट आहेत ना पायात."

चपलांचा आवाज तर सुधीरने आत्ताच ऐकला होता. ती आईला थाप मारत होती. स्मिताच्याही ते ध्यानात आलं असावं, तिच्या कपाळाला जुनी ओळखीची आठी पडली, पोरगी समोर उभी असल्यासारखी.

"खोटं बोलू नकोस," ती म्हणाली. "आल्या आल्या पाय धू."

थोडा वेळ नुसता वारा. "हो गं बाई, किती काळजी करशील. अंधार व्हायच्या आत येते. तू चहा टाक, मी निघतेच."

मोबाइल बंद केल्याचा बारीक आवाज आला. "कोन गो?" म्हातारीने लांबून विचारलं. "आई. कधी येतेस विचारत होती."

स्मिता खुर्चीचे हात धरून अर्धी उठली. सुधीर हलला नाही. उघड्या दारातून जिन्यातला उजेड पॅसेजच्या फरशीवर पडला होता. ती तशीच, ना उभी ना बसलेली, त्या उजेडाकडे बघत राहिली. मग हळूहळू पुन्हा खाली बसली आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

"बंद करू नका," ती म्हणाली. "पुढचं ऐकू या."